चार-एकवर लाइट गेली

३ जुलै १९९३, शनिवार. सांगलीत दुपारपासून पावसाची झड लागली होती. विम्बल्डनचा महिलांचा अंतिम सामना आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास सुरू व्हायचा, म्हणजे नेमका दिवेलागणीला. आत्याने देवापाशी दिवा लावला, हात पदराला पुसत बाहेर आली आणि माझ्याशेजारी सतरंजीवर बसली. आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. तरुणपणी खो-खो खेळलेली. टेनिसची गुणमोजणी तिला मी शिकवली होती, पण पंधरा, तीस आणि मग चाळीस हे काही तिला पटायचं नाही. "पंचेचाळीस का नाही?" हा तिचा दर वर्षीचा प्रश्न होता.

एका बाजूला स्टेफी ग्राफ. आमच्या गल्लीत सगळे तिचे. त्या वर्षी ३० एप्रिलला हॅम्बुर्गमध्ये मोनिका सेलेसवर भर कोर्टवर चाकूहल्ला झाला होता, त्यामुळे ग्राफला अडवू शकेल असं कुणी उरलंच नव्हतं. दुसऱ्या बाजूला चोवीस वर्षांची याना नोवोत्ना. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात जन्मलेली. तो देश त्याच वर्षीच्या १ जानेवारीला दोन तुकड्यांत विभागला गेला होता आणि तिच्या नावापुढे आता चेक प्रजासत्ताक लागत होतं. उपांत्यपूर्व फेरीत तिने साबातिनीला हरवलं होतं, उपांत्य फेरीत तर थेट नऊ वेळच्या विजेत्या नवरातिलोव्हाला.

सर्व्हिस केली की चेंडूच्या मागोमाग ती नेटकडे धावत सुटायची. आत्याला ते फार आवडलं. "ही पोरगी जागेवर थांबतच नाही गं," ती म्हणाली. "खो मिळाल्यासारखी उठते."

पहिला सेट ६-६ अशा बरोबरीनंतर टायब्रेकमध्ये ८-६ असा ग्राफने काढला. दुसरा नोवोत्नाने ६-१ असा घेतला. ग्राफकडून विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात ६-१! आत्या भाजी परतायला उठली होती, ती तशीच उलथनं हातात घेऊन परत आली. तिसऱ्या सेटमध्ये नोवोत्ना ४-१ ने पुढे. सर्व्हिस तिचीच. आणि तेवढ्यात लाइट गेली.

आम्ही पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग आत्याने मेणबत्ती लावली आणि म्हणाली, "झालंच की आता. चार-एक म्हणजे झालंच." त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात तिने शिरा केला, ब्रनोच्या त्या मुलीसाठी. लाइट आली तेव्हा आम्ही झोपलो होतो.

सकाळी पेपर आला. मागच्या पानावर फोटो होता. नोवोत्नाचं डोकं एका वयस्क बाईच्या खांद्यावर टेकलेलं आणि चेहरा रडून विस्कटलेला. ती बाई म्हणजे ब्रिटिश राजघराण्यातली डचेस ऑफ केंट, बक्षिसं द्यायला आलेली. ग्राफ ७-६, १-६, ६-४. आत्या बराच वेळ पेपर धरून उभी होती. मग म्हणाली, "शिरा उरलाय. खाऊन घे."

आम्ही पाहिलं नाही ते काय होतं, हे मला खूप उशिरा कळलं. इंटरनेटवर तो सामना सापडला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. ४-१ नंतरच्या त्या गेममध्ये नोवोत्ना ४०-३० वर होती. एक गुण मिळाला असता तर ५-१. पहिली सर्व्हिस चुकली. दुसरी तिने जपून टाकली नाही, जोरात मारली, आणि चेंडू रेषेच्या पुष्कळ बाहेर जाऊन पडला. डबल फॉल्ट. तो गेम गेला, आणि त्याच्यासकट लागोपाठ पाच गेम गेले.

आपल्याकडे याला एक शब्द आहे. कच खाल्ली. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी त्यांचा शब्द वापरला, आपल्या पेपरांनी आपला. हातातोंडाशी आलेला घास, ऐन वेळी कच, दडपणाखाली कोसळली. पुढची पाच वर्षं नोवोत्नाचं नाव आलं की हे शब्द तिच्यामागून यायचेच.

तो शब्द मला माहीत आहे, कारण त्याच वर्षी डिसेंबरात तो माझ्या वाट्याला आला. आंतरमहाविद्यालयीन बॅडमिंटनचा अंतिम सामना होता. तेव्हा मुलींचा गेम ११ गुणांचा असायचा आणि गुण फक्त सर्व्हिस असलेल्या बाजूला मिळायचा. तिसऱ्या गेममध्ये मी १०-४ वर होते. एक गुण. मग काय होतं ते ज्यांनी खेळलंय त्यांना सांगायला नको. पाय व्यवस्थित असतात, डोळ्यांना नीट दिसत असतं. फक्त मनगट लाकडाचं होतं. शटल बोटांतून सोडायचं असतं, ते सुटत नाही. ज्या शॉर्ट सर्व्हिसचा रोज दोनशे वेळा सराव केलेला असतो ती नेटमध्ये जाते, आणि आपण लांबून स्वतःकडे बघत असल्यासारखं वाटतं. मी १०-१२ ने हरले. आमच्या संघाबरोबर आलेले सर बसमध्ये चढताना सगळ्यांसमोर म्हणाले, "कच खाल्लीस तू." मी पुढच्या वर्षी नाव दिलं नाही. त्यानंतर कधीच दिलं नाही.

म्हणून नोवोत्नाकडे माझं लक्ष राहिलं. हरली म्हणून नव्हे. ती पुन्हा आली म्हणून.

तिचा खेळ मुळात कोणत्या जातीचा होता ते समजून घेतलं तर त्या डबल फॉल्टकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, उभं राहून खेळणाऱ्याला चूक भरून काढायला वेळ असतो. वीस फटक्यांची रॅली चालते, एखादा फटका अर्धवट गेला तर पुढच्यात सावरता येतं. सर्व्ह-अँड-व्हॉलीत तसं नसतं. सर्व्हिस, तीन-चार पावलं, आणि व्हॉली, म्हणजे चेंडू जमिनीवर टेकायच्या आधीच मारायचा. दोन-तीन सेकंदांत निकाल. समोरच्याने बाजूने पासिंग शॉट मारला तर आपण नेटपाशी नुसतं बघत उभं राहायचं. नोवोत्ना समोरच्याच्या सर्व्हिसवरसुद्धा तो डाव खेळायची. एका हाताच्या बॅकहँडने चेंडू खालून कापून खोल टाकायचा आणि त्याच्यामागे धावत जायचं. गवतावर तो कापलेला चेंडू घोट्याएवढाच उसळतो. विम्बल्डनच्या गवतासाठीच जणू तो खेळ घडला होता. पण त्याला दुसरी सर्व्हिसही धारदार लागते. मऊ टाकली तर पुढे जाऊन उपयोग काय? ४०-३० ला तिने जी मारली ती घाबरून मारली की आपल्या खेळाला धरून मारली, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असेल. तो व्हिडिओ मी अनेकदा पाहिला आहे, आणि दर वेळी मला वाटतं की जपून टाकण्याचा विचार तिच्या हाताला माहीतच नव्हता.

कच खाणारी म्हणून जिची ओळख करून दिली गेली, तिचा हिशोबही कुणी नीट मांडला नाही. १९९३ च्या त्या दिवसाआधी विम्बल्डनमध्ये ती तीन विजेतेपदं जिंकून बसली होती. हेलेना सुकोव्हाबरोबर १९८९ आणि १९९० चं दुहेरी, आणि जिम प्यूबरोबर १९८९ ची मिश्र दुहेरी. ग्रँड स्लॅमची एकूण बारा महिला दुहेरी विजेतेपदं आणि चार मिश्र दुहेरी. सगळे टूर्नामेंट मोजले तर चोवीस एकेरी आणि शहात्तर दुहेरी, बरोबर शंभर. ही काय दडपणाखाली कोसळणाऱ्या बाईची यादी आहे? दुहेरीत शेजारी कुणीतरी असतं, हे खरं. दोन गुणांच्या मध्ये येऊन हातावर टाळी देणारं, कानात काहीतरी पुटपुटणारं कुणीतरी. एकेरीत त्या पंचवीस सेकंदांत माणूस स्वतःच्या तावडीत सापडतो. मला वाटतं तिची लढाई तिथे होती.

शेजारी नसली तरी प्रेक्षकांत तिची प्रशिक्षक बसलेली असायची, हाना मांडलिकोव्हा. १९९० पासून तिनेच नोवोत्नाला घडवलं. मांडलिकोव्हाच्या नावावर एकेरीची चार ग्रँड स्लॅम होती, पण विम्बल्डन नव्हतं. त्याच सेंटर कोर्टवर तीसुद्धा दोन अंतिम सामने हरली होती, १९८१ मध्ये ख्रिस एव्हर्टकडून आणि १९८६ मध्ये नवरातिलोव्हाकडून. १९९३ च्या रात्री त्या दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. सांत्वन करणाऱ्याला जखमेची जागा माहीत असली की बोलणं कमी लागतं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा विम्बल्डनला. उपांत्यपूर्व फेरीत नवरातिलोव्हाकडून हार. १९९५ ला उपांत्य फेरी, समोर ग्राफ, पहिला सेट जिंकूनही हार. १९९६ ला उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा ग्राफ. दर वर्षी त्याच गवतावर, आणि दोनदा त्याच बाईसमोर.

आणि मध्ये पॅरिस. १९९५ ची फ्रेंच ओपन, तिसरी फेरी, समोर अमेरिकेची तरुण चँडा रुबिन. शेवटच्या सेटमध्ये नोवोत्ना ५-० आणि ४०-० वर होती. एकंदर नऊ मॅच पॉइंट तिला मिळाले, म्हणजे नऊ वेळा ती जिंकण्यापासून एका गुणावर होती. सामना ती ८-६ ने हरली. ही बातमी मी पेपरात वाचली आणि पेपर घडी घालून आत्याच्या हाती न लागेल असा ठेवून दिला. विम्बल्डन ही एकदाची गोष्ट म्हणून सोडता आली असती. दुसऱ्यांदा झाल्यावर माणसाने स्वतःला काय समजावायचं? मी तिच्या जागी असते तर... पण मी तर पहिल्यांदाच थांबले होते.

१९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिक झालं. आपल्याला ते लिअँडर पेसमुळे आठवतं. १९५२ मध्ये हेलसिंकीला आमच्या शेजारच्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी भारताला वैयक्तिक पदक मिळालं. इकडे सगळीकडे पेढे वाटले जात होते. त्याच स्पर्धेत महिला एकेरीचं ब्राँझ नोवोत्नाने घेतलं. उपांत्यपूर्व फेरीत तिने सेलेसला हरवलं होतं. सुकोव्हाबरोबर दुहेरीत रौप्यही मिळालं, १९८८ च्या सोलसारखंच. मला पेपरात तिचं नाव शोधायला बराच वेळ लागला, एका कोपऱ्यात दोन ओळींत होतं. आत्याला दाखवलं. आत्या म्हणाली, "बघ, पेसच्या शेजारी आपली पण आहे."

१९९७ ला ती पुन्हा अंतिम सामन्यात. समोर सोळा वर्षांची मार्टिना हिंगिस. नोवोत्नाने पहिला सेट ६-२ घेतला. पोटाच्या स्नायूचं दुखणं होतं, हिंगिसने मग ६-३, ६-३ असा सामना काढला. पुन्हा त्या डचेसच्या हातून उपविजेतीची तबकडी. या वेळी नोवोत्ना रडली नाही, हसली. तिसऱ्यांदा नक्की मिळेल, असं डचेसबाईंनी तिला सांगितलं म्हणतात. त्याच वर्षी ती जागतिक क्रमवारीत दुसरी झाली आणि वर्षअखेरची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, पण लोकांच्या डोळ्यांसमोर अजून १९९३ चाच फोटो होता.

४ जुलै १९९८. ती आता एकोणतीस वर्षं नऊ महिन्यांची. ग्रँड स्लॅमच्या एकेरीतला हा तिचा पंचेचाळिसावा प्रयत्न. उपांत्यपूर्व फेरीत व्हीनस विल्यम्सला हरवून, उपांत्य फेरीत हिंगिसचा हिशोब ६-४, ६-४ असा चुकता करून ती आली होती. समोर फ्रान्सची नाताली तोझिया, तीही नेटवर खेळणारी. त्या दिवशी मी माझ्या संसारात होते, पुण्यात, सातव्या महिन्यात. पाय सुजलेले. उशीला टेकून बघत होते. पहिला सेट ६-४. दुसऱ्या सेटमध्ये ती सामन्यासाठी सर्व्हिस करू लागली आणि तो गेम गेला. माझं मनगट लाकडाचं झालं, खरंच, पलंगावर बसल्या बसल्या. टायब्रेक. आणि टायब्रेकमध्ये ती थांबली नाही, जपून खेळली नाही, पाच वर्षांपूर्वी जशी धावायची तशीच धावली. ७-२.

ती गुडघ्यांवर बसली. विम्बल्डनच्या विजेतीला मिळतं ते चांदीचं तबक. व्हीनस रोझवॉटर डिश त्याचं नाव, म्हणजे चक्क गुलाबपाण्याचं तबक. ते तिच्या हातात देणारे हात त्याच डचेसचे होते. (याच डचेसबाई उत्तर इंग्लंडातल्या हल गावी एका प्राथमिक शाळेत नुसत्या 'मिसेस केंट' म्हणून कितीतरी वर्षं मुलांना संगीत शिकवत होत्या, हे आत्याला सांगितलं तेव्हा ती विम्बल्डनपेक्षा त्यावरच जास्त खूश झाली. २०२५ च्या सप्टेंबरात त्या गेल्या.) पहिलं एकेरी ग्रँड स्लॅम जिंकणारी ती १९६८ पासूनच्या खुल्या टेनिस युगातली त्या वेळची सर्वांत मोठ्या वयाची खेळाडू ठरली. दुहेरीचं विजेतेपदही तिने त्याच आठवड्यात मिळवलं, आणि तेही हिंगिसला जोडीला घेऊन.

मी आत्याला ट्रंक कॉलच्या सवयीने मोठ्याने ओरडून सांगितलं, तेव्हा ती तिकडे रडत होती. "शिरा करते," एवढंच म्हणाली.

१९९९ मध्ये नोवोत्ना थांबली. २००५ मध्ये टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव गेलं. ब्रनोच्या परिसरात ती शांतपणे राहत होती. माझ्यापुरती गोष्ट तिथेच संपली होती.

१९ नोव्हेंबर २०१७ ला ती कर्करोगाने गेली. एकोणपन्नास वर्षांची. बातमी फोनवर वाचली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि मला एकदम आठवली ती मेणबत्ती. त्या एका रात्री, सांगलीतल्या एका घरात, तिने स्टेफी ग्राफला हरवलं होतं. बारा तास तरी हरवलं होतं.

तिच्या शेवटच्या वर्षांत काय घडत होतं ते जगाला नंतर कळलं. २०१४ मध्ये ब्रनोतली अठरा वर्षांची एक मुलगी तिच्या दाराशी येऊन उभी राहिली होती, हातात पत्र घेऊन. ज्युनियर गटातून नुकती बाहेर पडलेली, पुढे काय करावं हे कळत नव्हतं. नाव बार्बोरा क्रेचिकोव्हा. नोवोत्नाने तिला आत घेतलं आणि आजारपणातही जमेल तोवर शिकवत राहिली. जाण्यापूर्वी तिने त्या मुलीला सांगितलं होतं की खेळाचा आनंद घे आणि एक ग्रँड स्लॅम जिंकायचा प्रयत्न कर. दुहेरी तर ती जिंकत होतीच, गुरूसारखीच. पण २०२१ मध्ये तिने फ्रेंच ओपनचं एकेरी जिंकलं. ज्या पॅरिसमध्ये नऊ मॅच पॉइंट वाया गेले होते, त्याच पॅरिसमध्ये.

आणि मग १३ जुलै २०२४, विम्बल्डन. सामना संपल्यावर क्रेचिकोव्हाला क्लबच्या इमारतीत नेलं, जिथे भिंतीवरच्या फलकावर विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिलेली आहेत. तिथे तिला १९९८ ची ओळ दिसली आणि ती रडू लागली. त्या दारावर टकटक केली म्हणून माझं आयुष्य बदललं, असं तिने कोर्टवरही सांगितलं होतं. मी तो व्हिडिओ पाहते तेव्हा मला त्या दोन रडण्यांच्या मधली एकतीस वर्षं दिसतात. मला माझं ते बॅडमिंटनही आठवतं. माझ्याकडे कुणी पत्र घेऊन येणार नव्हतं, कारण मी कोर्टवर परत गेलेच नाही. ती खंत आहे, आणि ती लपवावीशी वाटत नाही.

पण त्या संध्याकाळचं मला सांगायचंय ते वेगळंच. समोर इटलीची जास्मिन पाओलिनी होती. क्रेचिकोव्हाने पहिला सेट ६-२ घेतला, दुसरा २-६ असा गमावला. तिसऱ्यात ती ५-४ ने पुढे, सामन्यासाठी सर्व्हिस करत होती. दिवेलागणीची वेळ टळून गेली होती. पुण्यातही पाऊस होता. पाओलिनीला ब्रेक पॉइंट, म्हणजे तो गेम हिसकावून घ्यायची संधी, मिळाला आणि माझा फोन वाजला. आत्या. आता ऐंशीच्या पुढची, एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून टीव्हीचा आवाज मोठा. तिकडच्या समालोचकाचा आवाज माझ्या टीव्हीपेक्षा क्षणभर मागून फोनमधून येत होता.

"ही तीच ना, ब्रनोची?"

"तीच."

"दार ठोठावणारी?"

"हो."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "लाइट आहे ना गं तुझ्याकडे?"

आहे म्हटलं.

"माझ्याकडे पण आहे," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघींनी फोन कानाला तसाच धरून तो गेम पाहिला.